लोहचुंबक चिकटत नाही तेव्हा

जुनी गाडी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा, असं गॅरेजवाले सांगतात. पत्र्यावर पुट्टीचा जाड थर असला की चुंबक निसटतो. पण मर्सिडीज-बेंझच्या ‘पागोडा’च्या दाराला तो लावाल तर सरळ जमिनीवर पडेल, आणि तरीही दार अस्सल असेल. या गाडीची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण यांचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो. बाकीची बॉडी पोलादी. म्हणजे चुंबक मडगार्डवर चालवायचा, आणि दारांसाठी ॲल्युमिनियमवरही रंगाची जाडी मोजणारं यंत्र न्यायचं.

ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी १९६३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात २३० एसएल या नावानं आली. मग २५० एसएल, शेवटी २८० एसएल. १९७१पर्यंत एकूण ४८,९१२ गाड्या बनल्या. काढता-घालता येणारं तिचं कडक छत मधे खोलगट आणि कडांना उंच आहे, म्हणून लोकांनी तिला पागोडा म्हटलं. हा नुसता नखरा नव्हता. हातात सपाट धरलेला कागद लवतो, जरा मुडपून धरला की ताठ राहतो. छताच्या बाकामागे तेच गणित आहे. शिवाय कडा उंच असल्यानं काचा मोठ्या होतात आणि आत शिरताना डोकं आपटत नाही. छताची ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्याची, रेखाटन पॉल ब्राक यांचं.

आता समजा, ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’ २८० एसएल विकायला आहे. रंग आरशासारखा, चामडं नवं. यातलं काहीही मन लावून बघू नका. पैसे मोजले की नवा रंग आणि नवी गादी कुठेही मिळते.

बघायचा असतो तो दाराखालचा उंबरा. छताच्या गाडीत बॉडीचा ताण छतही वाटून घेतं. उघड्या गाडीत तो सगळा तळाच्या पत्र्यावर आणि या दोन पोकळ उंबऱ्यांवर येतो. आत पाणी साचून ते आतूनच कुजतात, आणि वरून एक पट्टी वेल्ड करून काळा लेप फासला की वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि तिथेच दार उघडा. फटी बदलल्या, दार अडलं, तर उंबरा मेला आहे. जॅक लावायच्या जागा, डिकीचा तळ, स्टेपनीचा खड्डा हेही हात फिरवून बघावं.

दुसरी जागा हेडलाइटमागची. पुढची मडगार्डं बोल्टनं कसलेली नाहीत, वेल्ड केलेली आहेत. हेडलाइट काढला की आतल्या कडेवर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे दिसायला हवेत. तिथे कड गुळगुळीत असेल तर मडगार्ड बदललं आहे किंवा पुढून धडक बसली आहे. दोन्ही गोष्टी माफ करता येतात, पण मग किंमत वेगळी. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलाव्यानं ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. दाराच्या खालच्या काठाला रंगाखाली फुगे दिसले तर ते हेच.

मग आकडे. चासी क्रमांक ११३०४४-१२ असा सुरू होत असेल तर ०४४ म्हणजे २८० एसएल, पुढचा १ म्हणजे डाव्या हाताचं स्टीअरिंग, २ म्हणजे ऑटोमॅटिक गिअर. आत हातानं टाकायचा गिअर दिसला तर विचारायलाच हवं. कारखान्याच्या डेटा कार्डावर इंजिन क्रमांक आणि मूळ रंगही असतो. हूड आहे का, हेही बघा: ‘कॅलिफोर्निया कूपे’ प्रकारात कापडी हूड मुळात नव्हतंच, त्या जागी मागे छोटं बाक होतं.

इंजिनाची परीक्षा मात्र थंडच घ्यायची. सहा सिलिंडरांच्या या २,७७८ सीसी इंजिनाला कार्ब्युरेटर नाही. बॉशचा यांत्रिक पंप सहा छोट्या दट्ट्यांनी प्रत्येक सिलिंडरच्या वाटेत मोजून पेट्रोल फवारतो. किती, हे ॲक्सिलरेटर आणि इंजिनाचा वेग मिळून ठरवतात. इंजिन थंड असताना पाण्याच्या तापमानावर चालणारा एक थर्मोस्टॅट जादा पेट्रोल आणि जादा हवा देतो, आणि इंजिन तापत जाईल तसा हात आखडता घेतो. तो अडकला की गाडी सकाळी कुरकुरते किंवा गरम झाल्यावरही काळा धूर सोडते. हा पंप दुरुस्त करणारे कारागीर थोडे, आणि ते स्वस्तात काम करत नाहीत.

म्हणून पोचल्याबरोबर आधी बॉनेटवर तळवा ठेवावा. ते गरम लागलं आणि विक्रेता म्हणाला, “आत्ताच एक चक्कर मारून आणली,” तर चहा घ्यावा, गाडीची फाइल चाळावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यानं किल्ली फिरवायच्या आत, परत यावं.