वस्तुमानाच्या टक्केवारीवरून एम्पिरिकल सूत्र : कॅव्हन्साइट खनिजाचे उदाहरण

प्रस्तावना :
संयुगातील अणूंचे सर्वांत साधे गुणोत्तर दर्शविणारे सूत्र म्हणजे एम्पिरिकल सूत्र. पदवीच्या वर्गात ते काढण्याची रीत बहुधा ग्लुकोज किंवा बेंझीन यांच्या उदाहरणाने शिकविली जाते. परिणामी ही केवळ भागाकाराची कसरत आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. पुणे जिल्ह्यातील खडक यापेक्षा बोलके उदाहरण पुरवितात. मुळशीचे डोंगर ज्या दख्खनच्या बेसाल्टचे बनले आहेत, तोच खडक पुण्याच्या पूर्वेस वाघोलीच्या दगडखाणींत उघडा पडला आहे. तेथे खडकाच्या पोकळ्यांत कॅव्हन्साइट हे गर्द निळे खनिज आढळते. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांच्या नावांतील अक्षरांवरून त्याचे नाव पडले. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील नमुन्यांवरून १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तथापि त्याचे उत्कृष्ट स्फटिक वाघोलीचेच मानले जातात.

रीत :
खनिजांचे विश्लेषण परंपरेने ऑक्साइडांच्या रूपात मांडले जाते. शुद्ध कॅव्हन्साइटच्या १०० ग्रॅममधील सैद्धांतिक वस्तुमाने व त्यांना मोलवस्तुमानाने भागून येणारे मोल पुढीलप्रमाणे :

कॅल्शियम ऑक्साइड : १२.४२ ÷ ५६.०८ = ०.२२१५
व्हॅनेडियम डायऑक्साइड : १८.३७ ÷ ८२.९४ = ०.२२१५
सिलिकॉन डायऑक्साइड : ५३.२४ ÷ ६०.०८ = ०.८८६२
पाणी : १५.९६ ÷ १८.०२ = ०.८८५७

सर्वांत लहान संख्येने भागल्यास १ : १ : ४ : ४ हे गुणोत्तर मिळते. म्हणजेच कॅल्शियम व व्हॅनेडियमचा प्रत्येकी एक, सिलिकॉनचे चार, हायड्रोजनचे आठ व ऑक्सिजनचे पंधरा अणू.

गृहीतकांची तपासणी :
येथे व्हॅनेडियमची संयुजा चार धरली आहे. तेच व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या रूपात मांडल्यास १८.३७ ऐवजी २०.१४ ग्रॅम भरते आणि एकूण बेरीज सुमारे १०१.८ होते. शंभराच्या पुढे गेलेली ही बेरीज गृहीत धरलेली संयुजा चुकल्याची सूचना देऊ शकते. पाण्याबाबतही दक्षता हवी. नमुना तापल्याने काही पाणी निघून गेले, तर पहिल्या तीन घटकांचे १ : १ : ४ हे गुणोत्तर टिकते, पाण्याचा अंक मात्र घटतो. म्हणून अपूर्णांक आल्यास तो घाईने पूर्णांकात बदलण्यापूर्वी त्याचे कारण शोधणे आवश्यक ठरते.

रीतीची मर्यादा :
वाघोलीतच पेंटॅगोनाइट हे दुसरे निळे खनिज मिळते. त्याचे रासायनिक संघटन कॅव्हन्साइटसारखेच आहे. त्यामुळे वरील गणिताचे उत्तर दोन्ही खनिजांसाठी एकच येते. फरक आहे तो रचनेत. कॅव्हन्साइटच्या सिलिकेट थरांत चार व आठ चतुष्फलकांची कडी असतात, तर पेंटॅगोनाइटमध्ये सहा चतुष्फलकांची. हा भेद तराजू दाखवू शकत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनाचा आधार घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
वस्तुमानाच्या आकडेवारीतून अणूंचे प्रमाण कळते, त्यांची मांडणी कळत नाही. आणि ते प्रमाणही नमुन्याची स्थिती व गृहीत धरलेली संयुजा यांवर अवलंबून असते. अध्यापनात या दोन्ही बाबी गणिताबरोबरच मांडल्या, तर विद्यार्थी उत्तराइतकेच त्यामागील पुराव्याकडेही लक्ष देऊ लागतील. त्यासाठी लागणारे उदाहरण जिल्ह्याच्या खडकातच उपलब्ध आहे.