फुकट दर्शनाची किंमत

स्वस्त भटकंतीत तिकिटापेक्षा तारीख महाग पडते. लंडनचे ब्रिटिश म्युझियम मोफत आहे. रोमच्या पँथिऑनला मात्र जुलै २०२३पासून पर्यटकांना तिकीट लागते. तरीही दोन्हींची दारे बहुतेक रोज उघडी असतात. नागपुरात अडचण वेगळीच. सक्करदऱ्यातून निघालात तर छोटा ताजबाग, उमरेड रोडवरचा मोठा ताजबाग आणि दीक्षाभूमी या तिन्ही ठिकाणी प्रवेशाला पैसा लागत नाही. सीताबर्डीचा किल्लाही फुकटच, पण सामान्यांसाठी तो खुला होतो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला. बाहेरगावच्या माणसाला ही सवलत जवळपास निरुपयोगी.

किल्ला लष्कराकडे आहे, तिथे सुरक्षा आधी, हे मान्य. फुकट ठेवल्यास जतनाचा खर्च कोण देणार, हा आक्षेपही रास्त. पण ब्रिटिश म्युझियम मूळ दालने मोफत ठेवून खास प्रदर्शनांना तिकीट लावते. किल्ल्याचेही दिवस वाढवावेत, हवे तर तिकीट लावून. तोवर नागपूरचा बेत आखताना आधी कॅलेंडर पाहा.