फवारणीनंतर हात का थरथरतो?



फवारणीचा पंप पाठीवरून उतरवला आणि हात थरथरू लागला, पापणी फडफडू लागली, तोंडाला पाणी सुटले, तर आपण काय म्हणतो? "ऊन लागलं असेल." घटकाभर बांधावर टेकतो, पाणी पितो आणि पुन्हा पंप उचलतो. हीच चूक जिवावर बेतते. ती थरथर उन्हाची नसून विषबाधेची असू शकते. मेंदूकडून स्नायूकडे जाणाऱ्या हुकमातच तेव्हा बिघाड झालेला असतो. तो कसा होतो, हे घरातल्या सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

हुकूम कसा जातो?

खुरपे उचलायचे मनात आले की मेंदूतून हुकूम सुटतो. उजव्या हाताचा हुकूम मेंदूच्या डाव्या बाजूकडून येतो, डाव्या हाताचा उजव्या बाजूकडून. डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू जोर किती लावायचा, हात कोठे थांबवायचा याचा मेळ घालतो. म्हणून खुरपे तणावर पडते, रोपावर पडत नाही. हा हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि मज्जातंतूंवाटे स्नायूपर्यंत पोचतो. सर्वांत वेगवान तंतूंमधून तो सेकंदाला सुमारे १०० मीटर धावतो. काही वेळा तर मेंदूला विचारायचीही गरज पडत नाही. पायात काटा रुतला की मज्जारज्जूच परस्पर पाय मागे ओढायला लावतो. दुखल्याचे मेंदूला नंतर कळते.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये मात्र एक अतिसूक्ष्म फट असते. तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, फट ओलांडते आणि स्नायू आखडतो. मज्जातंतू असा रसायनाकरवी निरोप देतात, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. पुढे १९३६ साली त्यांना व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप पोचला की हे रसायन लगेच नाहीसे व्हावे लागते. ते काम तेथलेच एक विकर करते. उसाला पाणी देताना दारे धरणारा माणूस वाफा भरला की दार मोडून पाणी पुढे काढतो, तसेच हे. तो माणूस झोपला तर वाफा तुंबतो, बांध फुटतो.

विष कोठे घाव घालते?

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशके या दारे धरणाऱ्यालाच जखडून ठेवतात. किडीच्या मज्जासंस्थेतही हेच रसायन व असेच विकर असते. म्हणून फवारल्यावर अळी आधी वळवळते, थरथरते आणि मग निपचित पडते. विषाला अळी आणि माणूस यांतला फरक कळत नाही.

माणसाला घाम, लाळ व डोळ्यांतून पाणी सुटते, बाहुल्या बारीक होतात, उलट्या व पोटात कळा येतात. स्नायू फडफडतात आणि नंतर थकून लुळे पडतात. छाती हलवणारे स्नायूही त्यातच आले. ते थांबले की श्वास थांबतो.

सांगोल्याकडील डाळिंबाच्या एका बागेतला प्रसंग मला विसरता येत नाही. पंप गळत होता. बागवानाची पाठ व मांड्या दुपारभर ओल्या होत्या. सायंकाळी उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी तो बोलू लागला, तेव्हा घरचे त्याला परत आणायला निघाले. डॉक्टरांनी हट्टाने थांबवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येईना, श्वास तोकडा पडू लागला. यंत्रावर श्वास दिल्यामुळे तो वाचला. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत, बरे वाटू लागल्यावरही, असा धोका उद्भवू शकतो, हे लक्षात ठेवा.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्यांपैकी कोणी विष प्यायले नव्हते. ते कातडीतून आणि श्वासातून अंगात शिरले.

काय करावे?

डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा. गळका पंप आधी दुरुस्त करा. विष हाताने ढवळू नका, काठी वापरा. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका. वाऱ्याच्या विरुद्ध व भर उन्हात फवारू नका. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडावर मास्क व डोळ्यांना चष्मा हवाच. मनाने दोन-तीन विषे एकत्र मिसळू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा. धुणाऱ्या माउलीनेही हातमोजे घालावेत. रिकामे डबे घरात पाण्याला किंवा धान्याला वापरू नका.

त्रास जाणवला तर माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. ओले कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. धुताना आपल्या हाताला विष लागू देऊ नका. दूध, तूप पाजू नका, उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि विषाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या. ती पाहून डॉक्टरांना योग्य उतारा ठरवता येतो. ॲट्रोपीनची सुई वेळेत मिळाली तर जीव वाचू शकतो.

आपण त्याला सवयीने 'औषध' म्हणतो. ते विष आहे, एवढे घरातल्या लहानथोरांना आजच सांगून ठेवा. डाळिंबाचा बहार पुढच्या वर्षी पुन्हा धरता येईल. घरचा माणूस गेला तर तो परत येत नाही.