गव्हाचे वाण आणि विविधतेची वाण

बियाण्याच्या दुकानात गव्हाच्या वाणांची नावे वाचीत गेल्यास आपल्याकडे विविधतेचा तुटवडा आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नावांची गणती म्हणजे गुणांची गणती नव्हे. आजच्या बहुतेक बुटक्या वाणांचे बुटकेपण ‘नोरिन १०’ या एकाच जपानी गव्हाकडून आलेले आहे. १९६६ मध्ये मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन बियाणे आणले गेले, तेही त्याच कुळातले. त्या बियाण्याने देशाची भूक भागविली, हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण एकाच आधारावर विसंबण्याची किंमतही असते. राय या धान्यातून गव्हात आणलेले ‘एसआर ३१’ हे जनुक अनेक देशांतील पिकांना वर्षानुवर्षे काळ्या तांबेऱ्यापासून वाचवीत होते. १९९८ मध्ये युगांडात त्यालाही न जुमानणारा तांबेरा आढळला आणि निरनिराळ्या नावांचे वाण एकदमच असुरक्षित ठरले.

मग खरी विविधता मोजावी कशी? रोपाची उंची, ओंबीची लांबी, कुसळे, दाण्याचे वजन, ओंबी बाहेर पडण्यास लागणारे दिवस ही जुनी मापे. ती स्वस्त आहेत, शेतकऱ्यालाही कळतात. परंतु तेच बियाणे काळ्या जमिनीत एक उंची दाखविते व मुरमाड रानात दुसरी. डीएनएमधील खुणांना हवापाण्याची बाधा होत नाही. दिसावयास भिन्न असलेले दोन वाण सख्खी भावंडे असल्याचे त्या सांगतात, आणि जुळे भासणारे परके असल्याचेही. मात्र त्यांपैकी बहुतेक खुणांना उतारा, तांबेरा किंवा पोळीची चव यांतले काहीच ठाऊक नसते. प्रयोगशाळेतील आकड्यांना भुलून शेतातली मोजपट्टी फेकून देणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्र व कर्नाटकातील खपली गहू घ्या. उतारा कमी, टरफल काढण्याचा खटाटोप मोठा. बाजाराच्या हिशेबाने तो केव्हाच बाद व्हावयास हवा होता. (अलीकडे शहरांत त्याला भाव येऊ लागला, ही आहारशास्त्राची कृपा!) तरीही याच खपलीतील तांबेऱ्याला तोंड देण्याचा गुण ऑस्ट्रेलियातील पैदासकारांनी आपल्या गव्हात उतरविला.

अधिक उताऱ्याचा वाण निवडणारा शेतकरी चुकत नाही. त्याला आपला संसार चालवावयाचा असतो. लक्षावधी शेतकऱ्यांच्या अशा शहाण्या निवडींतून जी सामूहिक जोखीम उभी राहते, ती मात्र कोणाच्याच खतावणीत नोंदली जात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी थंड ठेवता येते. पण बदलत्या रोगांशी व हवामानाशी त्याची झुंज शेतातच चालते. ती झुंज चालू ठेवण्यासाठी जुने वाण पेरणाऱ्याला घटलेल्या उत्पन्नाची भरपाई सरकारी तिजोरीतून मिळाली पाहिजे, आणि कोणते वाण त्यास पात्र हे ठरविताना दोन्ही मापे लावली पाहिजेत.