सोनेरी काठाचे खुजे रोप

गेल्या पन्नास वर्षांत गिरगाव, दादर व ठाणे येथील कितीतरी बिऱ्हाडे खाडी ओलांडून नव्या मुंबईत जाऊन राहिली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीजवळ खाडीवर पूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून लोहमार्ग वाशीस पोहोचला. आणि या प्रत्येक टप्प्याबरोबर वाशी, नेरूळ, बेलापूर व पुढे खारघर येथील घरे भरत गेली. तेथे रुंद रस्ते मिळाले व मुलांना स्वतंत्र खोली मिळाली. परंतु अंगण मागेच राहिले. जी गॅलरी होती तीही पुष्कळांनी खोलीत ओढून घेतली. मग देवघराशेजारी ठेवलेली तुळस दोनचार महिन्यांत काष्ठवत् होते, आणि घरातील वडील बायकांच्या मनास जी रुखरुख लागते ती कोणत्याही समजुतीच्या शब्दाने जात नाही. वस्तुतः यात अशुभ असे काहीच नाही. तुळशीला दिवसातून पाचसहा तास ऊन लागते, आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या तिसऱ्या मजल्यावर ते कोठून यावे?

अशा मंद उजेडाच्या घरांसाठी रोपवाटिकावाले हल्ली एक ठेंगणे, सोनेरी काठाचे रोप ‘नवीन जात’ म्हणून पुढे करतात. त्याची पाने जाड, ताठ व मेणचट, उंची वीतभर, मधोमध गडद हिरवे आडवे पट्टे व दोन्ही कडांना पिवळा धमक काठ. पाने एकावर एक गुंफून पक्ष्याच्या घरट्यासारखा झुबका तयार होतो. बाजारात त्यास ‘स्नेक प्लँट’ म्हणतात. इंग्रजांनी याच्या उंच भावंडाला ‘सासूबाईंची जीभ’ असेही नाव ठेवले आहे. पानाच्या तीक्ष्ण टोकावरून ते सुचले असावे; आमच्या वाचकांपैकी सासवांनी त्यावर रागावू नये व सुनांनी फार हसू नये. या रोपाविषयी खरे किती व बाजारी किती, याचा थोडा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम नवेपणाविषयी. हे झाड मूळचे पश्चिम व मध्य आफ्रिकेतील. गंमत अशी की, त्याचे शास्त्रीय नामकरण मात्र आपल्याच देशातील वनस्पतींवरच्या एका ग्रंथात झाले. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली आपल्या ‘बेंगाल प्लँट्स’ या ग्रंथात त्यास ‘सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा’ असे नाव दिले. पिवळ्या काठाचा उंच प्रकार त्याच सुमारास बेल्जियन प्राध्यापक एमिल लोराँ यांस काँगोत आढळला, व त्यांच्या नावावरून त्यास ‘लॉरेन्टी’ म्हणू लागले. पुढे १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथील एका रोपवाटिकेत नेहमीच्या उंच रोपांमध्ये एक बुटके रोप आपोआप उगवलेले दिसले. १९४१ साली त्याचे पेटंट सिल्व्हन हान यांच्या नावे झाले, आणि ते ‘हान्नी’ या नावाने जगभर पसरले. याच बुटक्या रोपाला पुढे केव्हातरी सोनेरी काठाचा फुटवा आला. तोच ‘गोल्डन हान्नी’. आज दुकानात नवनव्या नावांनी जी खुजी, रंगीत पानांची रोपे दिसतात, त्यांतील बरीचशी अशाच अकस्मात फुटलेल्या निराळ्या कोंबांची संतती होय. तेव्हा ‘नवीन’ हा शब्द ऐकताच पैशाचे पाकीट उघडण्याची घाई करू नये. आणखी एक बदल सांगून ठेवतो. २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे झाड ‘ड्रॅसीना’ या कुलात घातले. म्हणून कुंडीवरील चिठ्ठीत दोहोंपैकी कोणतेही नाव दिसले तरी रोप तेच, असे समजावे.

आपणांस ही जात अगदीच परकी आहे असेही नाही. भारतीय द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूस हिची एक देशी बहीण उगवते. तिला रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. तिच्या पानांतून चिवट, पांढरा धागा निघतो, व धनुष्याची दोरी त्याची करीत असत म्हणून इंग्रजीत या कुलास धनुष्याच्या दोरीचा ताग अशा अर्थाचे नाव पडले. उपनयनाच्या वेळी ब्राह्मणाच्या बटूला मुंज गवताची मेखला व क्षत्रियाच्या बटूला मूर्वेची, असे धर्मशास्त्रात सांगितले आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. संस्कृतात दोरीला ‘मौर्वी’ म्हणतात तेही या मूर्वेवरूनच. ही मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी वैद्यांत एकमत नाही. आपल्या महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा मानतात, तर बंगालकडील परंपरेत या सर्पपट्टी झाडाला. वादाचा निकाल काहीही असो, दिवाणखान्यातील कुंडीचे नाते मुंजीतल्या मेखलेपर्यंत पोहोचू शकते, एवढे तरी त्यावरून दिसते.

आता या रोपाचा जो गुण दुकानदार सहसा सांगत नाही, तो आमच्या घरच्याच एका प्रसंगाने सांगतो. आमच्या वडील काकूंनी नेरूळच्या घरी असे एक सोनेरी रोप मोठ्या हौसेने वाढविले होते. थोरल्या मुलाचे बिऱ्हाड खारघरला निघाले तेव्हा कुंडीत कडेला एक पिल्लू आले होते. ते काकूंनी मुळासकट काढून थोरल्या सुनेला दिले. सहा महिन्यांनी धाकट्याची बदली पुण्यास झाली. त्या वेळी कुंडीत पिल्लू नव्हते, म्हणून काकूंनी त्यातल्या त्यात सुरेख, रुंद सोनेरी काठाचे पान निवडून कापले, व ते धाकट्या सुनेच्या हाती देऊन “रेतीत खोवून ठेव, फुटेल हो,” असे सांगितले. पान फुटले; पण जे कोंब वर आले ते गडद हिरवे. सोने नावालाही नाही.

दिवाळीला सर्वजण जमले तेव्हा धाकटी हसत हसतच म्हणाली, “आई, ताईंचं रोप आणि माझं रोप एकाच कुंडीतलं ना? मग मला साधं कसं आलं?” बोलणे हसण्यावारी गेले, पण काकूंचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला. दोन सुनांत डावेउजवे केले असा संशयही ज्या बाईने आयुष्यभर येऊ दिला नाही, तिला एका कुंडीने आरोपी केले होते. “मी चांगलं पान पाहून दिलं हो,” असे त्या रात्री आम्हांस दोनदा म्हणाल्या.

काकूंची चूक काहीच नव्हती. या रोपाच्या काठात व मधल्या भागात दोन निरनिराळ्या प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. काठातील पेशींत हरितद्रव्य नसते; मधल्या पेशींत ते भरपूर असते. अशा दुहेरी देहाला शास्त्रज्ञ ‘कायमेरा’ म्हणतात. ग्रीक पुराणात सिंह, बोकड व सर्प यांच्या अवयवांनी बनलेला या नावाचा एक प्राणी आहे. आपण नरसिंहाची आठवण करावी. जमिनीखालच्या गड्ड्यातून जो नवा फुटवा येतो, त्यात या दोन्ही पेशींचे थर आपापल्या जागी राहून वर येतात, म्हणून त्याचा काठ सोनेरी राहतो. परंतु तुटलेल्या पानाच्या बुडाशी जो कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतूनच फुटतो. बाहेरच्या थराचा त्यात भाग नसतो. म्हणून पान कितीही सोनेरी असले तरी त्याची संतती हिरवी होते. पुढील वर्षी काकूंच्या कुंडीत दोन पिल्ले आली. काकूंनी कुंडी उपडी करून गड्डा सुरीने विभागला, आणि एक वाटा मुळांसह पुण्यास धाडला. तो आता तेथे सोनेरी काठानेच वाढतो आहे. हिरवे रोपही धाकटीने टाकून दिले नाही.

याच पेशींमुळे आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सोनेरी काठ अन्न तयार करीत नाही, म्हणून हे रोप साध्या हिरव्या रोपापेक्षा सावकाश वाढते व त्याला उजेडही थोडा अधिक लागतो. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ते मरत नाही, पण वाढ खुंटते व रंग मळकट होतो. दुसरे असे की, कधी कधी सोनेरी झुबक्यातूनच एखादा पूर्ण हिरवा फुटवा निघतो. तो जोमदार असतो व पाहता पाहता कुंडी व्यापतो. तो दिसताच गड्ड्यापासून वेगळा करून दुसऱ्या कुंडीत लावावा.

हे रोप रात्री प्राणवायू देते व घरातील हवा शुद्ध करते, असा प्रचार फार आहे. त्यातील सत्य एवढेच. अननसाप्रमाणे हे झाड पाण्याची काटकसर करण्यासाठी दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते व रात्री उघडून कार्बन डायॉक्साइड आत घेते; तो साठवून दिवसा उजेडात त्याचे अन्न करते. प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. १९८९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेच्या संशोधनात बंद पेटीत ठेवलेल्या काही झाडांनी हवेतील विषारी वायू कमी केलेले दिसले, व या झाडाचाही त्यांत समावेश होता. परंतु घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला, तेव्हा असे दिसले की, सामान्य हवा खेळण्याने जेवढी शुद्धी होते तेवढी झाडांकडून करून घ्यावयाची तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरास १० पासून १,००० पर्यंत झाडे ठेवावी लागतील. तात्पर्य, घरात दम्याचे रोगी असतील तर कुंडीवर विसंबू नये. खिडक्या उघडाव्या व वैद्यांचा सल्ला घ्यावा. रोप ठेवावे ते डोळ्यांस बरे वाटते म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

संगोपन सोपे आहे, पण मायेच्या अतिरेकाने हे रोप मरते. नव्या मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व हवा सर्दावलेली असते. त्या चार महिन्यांत ज्यांनी रोज तांब्याभर पाणी घातले त्यांचे गड्डे कुजले. मातीची, तळाशी भोक असलेली कुंडी घ्यावी. एक भाग माती, एक भाग जाड रेती अथवा विटांचा चुरा व एक भाग कुजलेले शेणखत किंवा नारळाचा भुसा असे मिश्रण करावे. बोट दोन पेरे खोल घालून पाहावे. माती पूर्ण कोरडी लागली तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात साधारणपणे दहाबारा दिवसांनी व पावसाळ्यात तीन आठवड्यांनी दिले तरी चालते. पाणी झुबक्याच्या मध्यात ओतू नये, कडेने मातीवर घालावे. मध्यात साचले तर पाने बुडापासून सडतात. खिडकीपासून तीनचार हात आत, जेथे दिवसा दिव्यावाचून वर्तमानपत्र वाचता येते, ती जागा उत्तम. पश्चिमेचे दुपारचे ऊन मात्र पाने भाजून काढते. पानांवर रस्त्याची धूळ बसते ती आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी.

घरात रांगते मूल, मांजर वा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवावी. पाने चघळल्यास त्यांतील द्रव्याने मळमळ व वांती होते. कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकून ताटली घासावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. खरेदी करताना सर्वात मधले कोवळे पान पाहावे. त्यास सोनेरी काठ असेल व रोप बुडाशी हलवून घट्ट लागेल तर ते घ्यावे. बुडाशी मऊ लागणारे रोप कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

शेवटी एक विनंती. हे रोप तुळशीच्या जागी ठेवण्यासाठी आम्ही सुचवीत नाही. तुळशीची जागा तुळशीचीच. जिन्याच्या खिडकीत, गच्चीवर किंवा दक्षिणेकडील शेजाऱ्याच्या गॅलरीत थोडे ऊन असेल तर तेथे तिची सोय करावी. आमच्या काकूंची तुळस गेली दोन वर्षे समोरच्या बिऱ्हाडात सुखाने वाढते आहे, व त्या रोज सकाळी तेथे जाऊन पाणी घालून येतात. आत, जेथे ऊन येतच नाही तेथे, हे खुजे रोप ठेवावे. आणि लेकीसुनांस त्याचा वाटा द्यावयाचा असेल, तर पान कापून देऊ नये. पिल्लू येईपर्यंत थांबावे व मुळासकट द्यावे.