धावण्यातील खंड आणि दुखरी टाच

२०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रातील असंख्य शिक्षक निवडणुकीच्या कामात गुंतले होते. प्रशिक्षणाचे दिवस, आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन मतदान केंद्रावर काढलेली रात्र आणि २० तारखेचे मतदान आटोपल्यावर यंत्रे जमा करण्यासाठी लावलेली रांग. त्यांपैकी जे जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करीत होते, त्यांच्या सरावाच्या वहीत त्या आठवड्यापुढे शून्य लागले. दिवाळीचा प्रवास, लग्नसराई, खात्याचे प्रशिक्षणवर्ग यांमुळे असे शून्य दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या वहीत लागतेच. कारण ४२ किलोमीटर १९५ मीटरच्या तयारीचा ऐन भर याच महिन्यांत येतो.

वस्तुतः या शून्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते, ते भरून काढण्याच्या अट्टाहासाने. हिशेबाची सवय जडलेला नोकरदार चुकलेले किलोमीटर थकबाकीसारखे पुढे ओढतो आणि परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तीस किलोमीटरचा पल्ला गाठावयास निघतो. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे आठवावा. कसलेल्या खेळाडूंनी व्यायाम पूर्णपणे बंद केला, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी उतरली. तीन आठवड्यांत सात टक्के! परतल्यावर पहिल्या दिवशी धाप लागते, नाडी जलद चालते, हे खरे. खंड पडताच रक्तातील द्रवाचे प्रमाण काही दिवसांतच घटते, त्याचा तो परिणाम होय. पुन्हा धावू लागल्यावर ते लवकरच भरून निघते.

बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेले ते आगबोटीने. त्या काळी मुंबईहून युरोप गाठण्यास दोन-तीन आठवडे लागत आणि बोटीच्या डेकवर माणूस धावून धावणार किती? पुढे इंग्लंडमध्ये सरावास अवधी मिळाला, हेही सांगितले पाहिजे. तथापि ४२ किलोमीटर ७५० मीटरच्या त्या शर्यतीत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत ते एकोणिसावे आले.

दम असा लवकर परततो. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र घाई मानवत नाही. त्यातून प्रवासात एस.टी.च्या बाकावर आठ-आठ तास गुडघे दुमडून बसावे लागते आणि पहाटे अनोळखी गावातील सिमेंटच्या रस्त्यावर, कुत्री चुकवीत धावावे लागते. (कुत्र्यांमुळे वेग वाढतो, पण तो सराव नव्हे.) मग टाचेमागची जाड शीर, जिला जुनी माणसे धोंडशीर म्हणतात, ती सकाळी अंथरुणातून उठताना ताठरू लागते. प्रस्तुत लेखकाने हे दुखणे दोन महिने मलमाखाली लपविले होते.

या दुखण्यावरचा एक चांगला उपाय कोणत्याही लॉजमध्ये विनामूल्य उपलब्ध असतो, तो म्हणजे जिना. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली तो मांडला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा उचलाव्यात आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन त्याची टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरू द्यावी. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तीन किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. दिवसाकाठी १८० उतार झाले. त्यांच्या पहिल्या अभ्यासातील १५ हौशी धावपटू बारा आठवड्यांनी पूर्ववत धावू लागले. पंधरा ही संख्या लहान आहे आणि पुढे वजन घेऊन सावकाश केलेल्या व्यायामानेही असाच गुण येतो, असे आढळले. पण लॉजमध्ये वजने कोठून आणावयाची? दुखणे शिरेच्या मध्यभागी असेल तरच हे लागू पडते. शीर टाचेच्या हाडाला मिळते तेथे दुखत असल्यास टाच पायरीखाली नेऊ नये.

व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालते, ही गोष्ट आपल्याकडे सहसा पटत नाही. दुखले की झोपून राहा, बर्फ लावा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो. परंतु विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ साली रूढ केले. पूर्ण विश्रांती आणि बर्फ यांमुळे बरे होण्यास उलट विलंब लागू शकतो, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केले.

एका दुखण्याला मात्र जिना चालत नाही. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दाबल्यावर कळ येत असेल, रात्री अंथरुणावरही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संभव असतो. ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. म्हणून चित्र स्वच्छ आले तरी धावणे बंद ठेवावे आणि अस्थितज्ज्ञांना पुन्हा दाखवावे.