दसऱ्यानंतरचं अंदमान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दसरा झाला की फलटणमध्ये दिवाळीच्या सहलींची बोलणी सुरू होतात. गोवा झालेलं असतं, केरळ झालेलं असतं, मग अंदमान निघतं. त्यात एक वाक्य ठरलेलं: 'आता काय, पाऊस गेला.' फलटणपुरतंसुद्धा हे वाक्य अर्धंच खरं आहे. अंदमानच्या बाबतीत तर ते साफ चुकीचं.

खरं म्हणजे ही चूक फलटणकरांनी तरी करू नये. हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या फलटणला जेमतेम पाचशे. नीरा उजव्या कालव्याच्या भिजणीत ऊस उभा राहतो. पाटाचं पाणी न पोचणारी जिरायत गावं मात्र जून-जुलैत नुसता वारा खातात. ढग पळतात, सर पडत नाही. भरवशाचा पाऊस येतो सप्टेंबरात आणि परतीच्या वेळी, आणि तो बहुतेकदा पूर्वेकडून येतो. 2020 च्या ऑक्टोबरात सोलापूर, पंढरपूर, इंदापूर, बारामती या पट्ट्याला झोडपून काढणारा पाऊस आठवत असेल. त्या पावसामागचं कमी दाबाचं क्षेत्र 9 ऑक्टोबरच्या सुमारास उत्तर अंदमानच्या समुद्राजवळ तयार झालं, 13 तारखेला आंध्रच्या किनाऱ्यावर काकिनाड्याजवळ चढलं आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या डोक्यावर आलं. म्हणजे ज्या पावसाकडे आपण ज्वारीच्या ओलीसाठी डोळे लावून बसतो, त्याचं जन्मगाव कधी कधी अंदमानच असतं. त्याच दिवसांत तिकडे जाऊन कोरडं आभाळ मागणं म्हणजे जरा जास्तच झालं.

'मॉन्सून अंदमानात सगळ्यांत आधी येतो, मग जातोही आधीच' हा पुढचा समज. ऐकायला पटतो, पण घडतं उलटं. मॉन्सून अंदमानच्या समुद्रात साधारण 20 मेच्या आसपास पोचतो. 2025 साली तर 13 मेलाच पोचला. परतीचा प्रवास मात्र सुरू होतो देशाच्या दुसऱ्या टोकाहून, पश्चिम राजस्थानातून, 17 सप्टेंबरच्या सुमारास. तिथून तो आग्नेयेकडे सरकत जातो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाच्या बहुतेक भागातून निघून जातो. पण तेवढ्यात वाऱ्याची दिशा पालटते. ईशान्येकडून येणारा वारा बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतो आणि तमिळनाडूला व अंदमानला पावसाचा दुसरा हप्ता मिळतो. मे ते डिसेंबर असा जवळजवळ आठ महिने पाऊस, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. फलटणला वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त पोर्ट ब्लेअरला एकट्या ऑक्टोबरात पडतो. नोव्हेंबरात तो थोडा उतरतो, डिसेंबरात आणखी. खऱ्या अर्थाने कोरडे महिने जानेवारी ते मार्च. तिथला कोरडा हंगाम दसऱ्यापासून नव्हे, संक्रांतीपासून धरावा.

हे ऐकून काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: मग दिवाळीत जाण्यात अर्थच नाही, खोलीत बसून पत्ते खेळावे लागतील. हाही गैरसमज, आणि तो बहुधा महाबळेश्वरच्या जुलैवरून आलेला. घाटमाथ्यावरची झड आठ-आठ दिवस सूर्य दाखवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला अंदमानचा पाऊस सहसा तसा नसतो. स्वराज द्वीपच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, राधानगर किनाऱ्यावर दुपारी उभं राहिलं तर तो येताना दिसतो. क्षितिजावर आधी एक करडी भिंत, मग पाण्याचा हिरवा-निळा रंग शिशासारखा होतो, मागच्या उंच झाडांत वारा सळसळतो आणि सर अंगावर येते. माणसं टपऱ्यांच्या आडोशाला धावतात. अर्ध्या-पाऊण तासात ऊन पडतं, वाळू वाफाळते. दोन सरींच्या मधल्या उघडिपीत फिरायचं, हा तिथला रिवाज. जवळपास कमी दाबाचं क्षेत्र असेल तेव्हा मात्र दोन-तीन दिवस सलग धरून पडतो, आणि नेमके तेच दिवस आपल्या वाट्याला येतील की नाही हे महिनाभर आधी कुणीच सांगू शकत नाही. सांगणारा एजंट भेटला तर तिकीट दुसऱ्याकडे काढावं.

आता मुख्य मुद्दा. पर्यटक पावसाची चौकशी करतात, करायला हवी वाऱ्याची. 'पाऊस पडला की बोटी बंद होतात' असं नाही. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीपला खासगी जलद बोटीने दीड-दोन तास लागतात, आणि भर पावसातही ही बोट सुटते. ती अडते वाऱ्याने आणि लाटांनी. उलट पोर्ट ब्लेअरला स्वच्छ ऊन असतं आणि तरी बोटी रद्द झाल्याची सूचना लागते, कारण मध्ये समुद्र खवळलेला असतो. धक्क्यावर हुज्जत घालणारे लोक तेव्हा हमखास वर बोट दाखवून म्हणतात, 'आभाळ तर मोकळं आहे!' आभाळाचा तिथे संबंधच नसतो.

2016 च्या डिसेंबरात काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 5 तारखेच्या सुमारास अंदमानजवळ कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, बोटी थांबल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. त्यांना आणायला नौदलाची जहाजं निघाली, पण समुद्र इतका खवळला होता की त्यांनाही लगेच धक्क्याला लागता आलं नाही. 9 तारखेला सुटका झाली. तीच प्रणाली पुढे 'वरदा' नावाचं चक्रीवादळ होऊन 12 डिसेंबरला चेन्नईवर आदळली. यातली तारीख ध्यानात घ्या: डिसेंबर, म्हणजे सहल कंपन्यांच्या पत्रकांवर 'उत्तम हंगाम' छापलेला महिना.

चक्रीवादळांबद्दलही दोन परस्परविरोधी समज एकाच घरात नांदताना दिसतात. आजी म्हणते, 'तिकडे वादळं असतात, जाऊ नका रे.' नातू म्हणतो, 'वादळं ओडिशाला येतात, अंदमानला नाही.' दोघांचंही अर्धंच बरोबर. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातला चक्रीवादळांचा मुख्य काळ. त्यातली बरीचशी अंदमानच्या आसपास जन्मतात किंवा तिथून बाल्यावस्थेत पुढे जातात आणि खरी ताकद भर समुद्रात कमावतात. 'हुदहुद' 8 ऑक्टोबर 2014 रोजी अंदमानातल्या लाँग आयलंडवरून गेलं. त्याने विध्वंस केला तो चार दिवसांनी, विशाखापट्टणमला. 2013 च्या नोव्हेंबरात 'लेहर' मात्र पोर्ट ब्लेअरच्या अगदी जवळून गेलं आणि आंध्रला पोचेपर्यंत मावळलं. तेव्हा आजीने काळजी करावी, पण सहल मोडू नये. नातवाने हवामान खात्याचा अंदाज निघायच्या आदल्या आठवड्यापासून रोज पाहावा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. आपण अंदमानचं हवामान पाहतो, चेन्नईचं पाहत नाही. पुण्याहून निघणारे बरेच जण चेन्नईला विमान बदलतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हाच चेन्नईचा खरा पावसाळा. 2015 च्या डिसेंबरातल्या पुरात तिथला विमानतळ काही दिवस बंद होता; 2023 च्या डिसेंबरात 'मिचाँग' वादळात धावपट्टीवर पुन्हा पाणी आलं. मधला थांबा दीड तासाचा ठेवून आठशे रुपये वाचवणाऱ्यांनी हे आठवावं. समुद्रमार्गे चेन्नईहून जहाजाने जायची हौस असेल तर अडीच-तीन दिवस लागतात. या मोसमात ती हौस पोटात डचमळण्याच्या तयारीनेच करावी.

किरकोळ समज भराभर उरकतो. स्वेटर नेऊ नका. फलटणला डिसेंबरच्या पहाटे शेकोट्या पेटतात तेव्हा पोर्ट ब्लेअरचं रात्रीचं तापमान तेवीस-चोवीस अंशांच्या आसपास असतं. पाऊस थांबला की पाणी लगेच काचेसारखं नितळ होतं, हेही खरं नाही. किनाऱ्याजवळचा गाळ बसायला, लाटा निवायला वेळ लागतो; प्रवाळ पाहायला सर्वांत चांगले दिवस फेब्रुवारी-मार्च-एप्रिलचे. आणि 'पावसाळी हंगाम म्हणून स्वस्त' हे सप्टेंबरला लागू आहे, दिवाळीला नाही. त्या आठवड्यात अर्धा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात तिकडेच असतो.

सूर्याचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बहुतेकांचा दिवस फुकट जातो. घड्याळ तेच, भारतीय प्रमाणवेळेचं. पण पोर्ट ब्लेअर फलटणच्या पूर्वेला अठरा रेखांशांहून जास्त आहे. नोव्हेंबरात फलटणला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तिथे पाचच्या आत. सकाळी सव्वापाचला लख्ख उजाडलेलं असतं. आपल्या सवयीने नऊला नाष्टा, दहाला बाहेर, दुपारी विश्रांती असा बेत केला तर हातात उजेडाचे तीन-चार तासच उरतात, आणि दुपारची सर त्यातलाही एखादा तास खाते. साडेपाचला बाहेर पडणारा पर्यटक तोच पैसा देऊन दुप्पट अंदमान पाहतो.

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. सावरकरांना तिथे आणलं गेलं 4 जुलै 1911 रोजी, ऐन पावसाळ्यात. मूळच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत आणि त्या पाहायला पावसाची आडकाठी नाही. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मात्र उघड्यावर असतो. जोराची सर आली की तो बिघडतो. म्हणून त्याचं तिकीट पोचल्यावरच्या पहिल्या संध्याकाळचं काढावं, शेवटच्या नव्हे. हुकला तर दुसरी संध्याकाळ हाताशी राहते. चौकशी करताना नावांचा गोंधळही होऊ देऊ नका: पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे, आणि हॅवलॉक व नील ही बेटं 2018 च्या अखेरीपासून स्वराज द्वीप व शहीद द्वीप म्हणून ओळखली जातात.

तर मग जावं की नाही? निळंशार पाणी आणि स्कूबा हा मुख्य हेतू असेल तर दिवाळी सोडा, मुलांच्या परीक्षांचा विचार करून फेब्रुवारीचे चार दिवस काढा. सुट्टी दिवाळीतच मिळत असेल तर खुशाल जा, पण बेटांचा कार्यक्रम आधी उरका आणि परतीच्या विमानाआधीच्या किमान दोन रात्री श्री विजयपुरममध्ये काढा. बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात. चुकलेल्या विमानाचे मिळत नाहीत.